समता शिकवून येते काय?



आपली मुले आज शिकत आहेत. कोणी तलाठी होतो, कोणी जिल्हा परिषदेत कारकून, कोणी सरकारी दवाखान्यात परिचारिका. आपला मुलगा सरकारी खुर्चीवर बसला की आईबापांचा ऊर भरून येतो. यावाच! पण त्या खुर्चीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाशी कसे वागावे, हे त्याला कोण शिकवणार? आणि मुळात ते शिकवून येते काय?

हा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला. तेथे सरकारी नोकरीत जाणाऱ्यांसाठी लोकप्रशासनाचे वेगळे शिक्षण असते. पूर्वी त्यात दोन गोष्टींना मान होता : काम चोख व्हावे आणि खर्च कमी यावा. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, शहरे पेटली. त्याच वर्षी मिनोब्रुक येथे जमलेल्या तरुण अभ्यासकांनी विचारले, काम चोख झाले, पण कोणासाठी? जॉर्ज फ्रेडरिक्सन यांनी मांडले की, काटकसर आणि कार्यक्षमता यांच्या पंक्तीला सामाजिक समताही बसली पाहिजे. पुढे २००९ साली अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेने भिन्न भिन्न समाजांच्या लोकांशी नीट वागता-बोलता येणे ही पात्रता आपल्या निकषांत घातली.

एवढ्याने भागले काय? नाही. मिशिगन राज्यातील फ्लिंट हे सुमारे एक लाख वस्तीचे, बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे शहर. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी तेथील नळांना फ्लिंट नदीचे पाणी सोडण्यात आले. ते पाणी नळांना खात होते. ते रोखणारे औषध त्यात घातले गेले नाही, म्हणून शिसे पाण्यात उतरले. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना आले. अधिकारी म्हणत राहिले, पाणी चांगले आहे. ऑक्टोबर २०१५ पर्यंत पोरेबाळे तेच पाणी प्याली. राज्याच्या नागरी हक्क आयोगाने २०१७ साली सांगितले की, या आपत्तीच्या मुळाशी व्यवस्थेत मुरलेला वंशभेद आहे.

पाण्याचा प्रश्न काय असतो, हे आपल्याला महाडपासून ठाऊक आहे. पण फ्लिंटमध्ये कोणी तळ्यावर पहारा बसवला नव्हता, कोणी शिवी दिली नव्हती. गरिबाची तक्रार साहेबाला खरी वाटली नाही, एवढेच. विषमता नेहमी काठी घेऊनच येते असे नाही. ती कानावर हात ठेवूनही येते.

मग परक्या समाजाच्या चालीरीती पाठ केल्या म्हणजे हे कान उघडतील काय? एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९२० ते १९२२ या काळात मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवर तीन जाडजूड खंड काढले. माहितीचा डोंगर उभा राहिला. अस्पृश्याला विहीर त्याने मिळाली नाही. दुसऱ्याची माहिती असणे निराळे आणि दुसऱ्याला आपल्याइतका माणूस मानणे निराळे.

तरीही शिक्षण निरर्थक नाही. सिअॅटल शहराने २००४ पासून वंशभेद घालवण्याचा उपक्रम आपल्या कारभारात चालवला. त्यात निर्णयापूर्वी एक प्रश्न विचारायचा असतो : याचा लाभ कोणाला आणि ओझे कोणावर? त्याच शहराच्या कायद्यात जात मात्र नव्हती. रंग डोळ्यांना दिसतो, जात दिसत नाही. जातीचा छळ सोसलेली माणसे नगरपरिषदेपुढे उभी राहून बोलली, आणि २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथे जातिभेदावर बंदी आली. म्हणजे राज्यकर्त्यांनाही शिकावे लागते, आणि शिकवणारा बहुधा सोसलेलाच असतो.

मात्र जे हुकमाने येते ते हुकमाने जाते. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी केंद्र सरकारातील विविधता आणि समतेचे कार्यक्रम एका आदेशाने बंद करायला लावले. वर्ग बंद होऊ शकतो. शील कोण बंद करणार?

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की, संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारी माणसे वाईट असतील तर ते वाईटच ठरेल. प्रज्ञेला शीलाची जोड हवी, हे तर ते सतत सांगत. म्हणून प्रश्नाचे उत्तर असे : नियम शिकवता येतात, प्रश्न विचारायची सवय लावता येते. त्यापुढचे ज्याचे त्यानेच, रोजच्या आचरणाने, कमवायचे असते.

तेव्हा मातांनो, पित्यांनो, नोकरीवरून आलेल्या मुलाला पगार विचारा, पण आणखी एक विचारा : “आज तुझ्या टेबलापुढून कोण रिकाम्या हाताने परत गेले?” पारध्याची बाई दाखल्यासाठी तिसऱ्यांदा येऊन गेली आणि आपल्या मुलाने मान वर केली नाही, तर आपण दीक्षा घेतली, पण खुर्चीला ती अजून मिळालेली नाही.

जयभीम.