शेवटच्या हाताचा दोष

अनेकांनी मिळून केलेल्या कर्मात अपयश आले असता त्याचा दोष कोणाच्या माथी ठेवावा, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. तथापि पंडितांच्या सभेत तो जितक्या हिरीरीने चर्चिला जातो, त्याहून अधिक हिरीरीने तो क्रीडांगणाच्या पायऱ्यांवर चर्चिला जातो. खेळाच्या वादास पोरकट समजून दूर सारण्याची विचारी माणसांस सवय असते. परंतु मनुष्य आपले न्यायदान जसे फुरसतीच्या वेळी करतो तसेच तो कामाच्या वेळीही करीत असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या वादाकडे थोडे निरखून पाहणे व्यर्थ ठरू नये.

न्हावा शेव्याच्या आसमंतात दोन खेळ नांदतात. उरण तालुक्यातील गावांतून कबड्डीचे वेड जुने आहे. तर पनवेलच्या खाडीपलीकडे, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर, क्रिकेटच्या जोडीस फुटबॉलचेही मोठे सामने झालेले आहेत. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये २०२३ साली मुंबई सिटी संघाची गाठ सौदी अरबस्तानातील बलाढ्य अल हिलाल संघाशी पडली. २३ ऑक्टोबर रोजी रियाध येथे मुंबईवर सहा गोल झाले. ६ नोव्हेंबर रोजी नेरूळ येथे दोन झाले. आणि दोन्ही सामन्यांत मुंबईस एकही गोल करता आला नाही. असा पराभव झाला की कोणत्याही संघाच्या चाहत्यांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, मागच्या फळीतील खेळाडूंनी घात केला. दुसरा म्हणतो, खेळाडू बिचारे काय करणार? प्रशिक्षकाने बचावाची घडीच चुकीची बसविली.

पहिल्या पक्षाचे बळ डोळ्यांत आहे. गोल होतो त्या क्षणी चेंडूच्या जवळ जो असतो तो सर्वांस दिसतो. परंतु हल्लीच्या फुटबॉलातील बचावाची रचना पाहिली, तर डोळ्यांची ही साक्ष किती अपुरी आहे हे कळून येईल. पुष्कळ प्रशिक्षक आपली मागची फळी गोलापासून बरीच पुढे, मैदानाच्या मध्याकडे सरकवून उभी करतात. हेतू हा की प्रतिपक्षास खेळावयास जागाच उरू नये, आणि त्याचा आघाडीचा गडी फळीमागे आगाऊ जाऊन उभा राहिल्यास तो ऑफसाइड ठरावा. ही युक्ती तेव्हाच साधते, जेव्हा पुढचे गडी चेंडू असलेल्या प्रतिपक्ष्यास मान वर करण्याची उसंत देत नाहीत. मधल्या फळीतील एकाने तेथे आळस केला, की प्रतिपक्षी शांतपणे लांब चेंडू टाकतो. तो मागच्या मोकळ्या जागेत पडतो. आणि मग एक बचावपटू जिवाच्या आकांताने मागे धावताना व धावेत हरताना दिसतो. शिव्याशाप त्याच्या वाट्यास येतात. ज्याने दहा सेकंदांपूर्वी चार पावले टाकण्याचा कंटाळा केला, तो त्या वेळी चाळीस पावलांवर कमरेवर हात ठेवून उभा असतो, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

यावरून दुसरा पक्ष सर्वस्वी खरा, असे मात्र नव्हे. सर्व दोष प्रशिक्षकाचा, असे म्हटले की खेळाडू हा कळसूत्री बाहुली ठरतो. आणि बाहुलीस दोष नाही तसे श्रेयही नाही. श्रेयाच्या बाबतीत आपण असा एकांगी हिशेब ठेवीत नाही. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताचा २७-२४ असा पराभव करून कबड्डीचे सुवर्णपदक नेले, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षिका नाशिकच्या शैलजा जैन होत्या, ही गोष्ट महाराष्ट्रात मोठ्या कौतुकाने सांगितली गेली. ते कौतुक योग्यच होते. पण पकडी केल्या त्या इराणी मुलींनी, हेही तितकेच खरे. यशाच्या वहीत जर गुरू व शिष्य या दोघांची नावे जमेस धरावयाची, तर अपयशाच्या वहीत एकाचेच नाव लिहून चालणार नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव. इतके असूनही जो केवळ एकालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारलेली नाही, असा अभिप्रायही तेथेच दिला आहे. तेथील विवेचन आत्म्याच्या अकर्तेपणाचे आहे हे खरे. तरी व्यवहारासही ते दिवा दाखविते. ऐंशीव्या मिनिटास थकलेला देह, खेळाडूची बुद्धी, त्यास मिळालेले शिक्षण, इतर दहा जणांच्या हालचाली, आणि एखाद्या पायास लागून फिरलेला चेंडू, या पाचांच्या मेळाने एक गोल होतो. आता कोणी विचारील की, कारणे पाच असतील तर दोषी कोणीच नाही काय? याचे उत्तर असे की, कारण आणि दोष या दोन भिन्न वस्तू आहेत. कारणांत दैवही मोडते. दोषात मोडत नाही. ज्याच्या हाती जितके स्वाधीन होते, आणि ते त्यास जितके ठाऊक होते, तितकाच त्याचा दोष. फळी कोठे उभी करावी हे प्रशिक्षकाच्या स्वाधीन. सोबत्यास वेळीच हाक घालणे व नेमली जागा न सोडणे हे खेळाडूच्या स्वाधीन. वाद इतपत विभागून केला तर तो वाद न राहता परीक्षण होईल.

परंतु आमच्या मते या प्रश्नाचे खरे मर्म याहून खोल आहे, आणि ते पाहावयास कबड्डीचे मैदान अधिक सोयीचे. चढाईस आलेल्या गड्याचा घोटा कोपऱ्यातील खेळाडू धरतो. शेजारचा मध्यरक्षक त्या क्षणी झेपावून आला तर पकड पुरी होते. तो आला नाही, आणि चढाईपटूने ओढत ओढत मध्यरेषा गाठली, तर नियमाप्रमाणे ज्यांनी ज्यांनी त्यास स्पर्श केला ते सर्व बाद होतात. म्हणजे ज्याने धरले तो बाहेर जाऊन बसतो. धरणाऱ्याच्या मदतीस जो धावला आणि कमी पडला, तोही बाहेर जातो. आणि जो जागच्या जागी उभा राहिला, तो मैदानात सुरक्षित राहतो. खेळाचा हा नियम आहे, आणि खेळापुरता तो रास्तही आहे. पण प्रेक्षकांनी हाच नियम नीतीस लावला, म्हणजे अनर्थ होतो. मग जो हात पुढे करतो तो अपराधी, आणि जो हात मागे घेतो तो निष्कलंक, असा उलटा न्याय रूढ होतो.

या उलट्या न्यायाचे सर्वांत भीषण उदाहरण फुटबॉलानेच जगास दाखविले आहे. २२ जून १९९४ रोजी विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध खेळताना कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याने गोलासमोर आलेला चेंडू अडविण्याकरिता पाय ताणला, आणि चेंडू त्याच्याच गोलात गेला. तो स्वस्थ उभा राहता तर स्वयंगोलाशी त्याचे नाव जोडले गेले नसते. कोलंबिया त्यापूर्वीच रुमानियाकडून १-३ असा हरला होता. म्हणजे संघ डबघाईस आला तो एका पायामुळे नव्हे. तरीही २ जुलै रोजी मेडेयीन शहरात एस्कोबारची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरूळ येथे झाला. स्पेनने तो १-० असा जिंकला. आणि तो एकमेव गोल ब्याऐंशीव्या मिनिटास एका कोलंबियन बचावपटूच्याच अंगास लागून झाला. त्या मुलीसही तेथे चेंडूपासून दूर राहणे अशक्य नव्हते. तिने ते केले नाही, आणि विक्रमांच्या वहीत स्पेनच्या विजयाशेजारी तिचे नाव कायमचे लिहिले गेले. वही लिहिणारास याहून अधिक काही लिहिता येत नाही. वाचणाराने मात्र अधिक वाचावे.

मैदानाबाहेरही हीच रीत चालते. न्हावा शेव्यासारख्या बंदरात एक कंटेनर जहाजावरून उतरून फाटकाबाहेर पडेपर्यंत कित्येक हातांतून जातो. कोणी तो कोठे ठेवावा याचा आराखडा करतो, कोणी क्रेन चालवितो, कोणी तो रचतो, कोणी ट्रेलरवरून नेतो. माल बिघडला की पहिला प्रश्न बहुधा ट्रेलरवाल्यास विचारला जातो, कारण तो शेवटी सापडतो. जेथे शेवटी सापडणे हाच अपराध होतो, तेथे शहाणा माणूस एकच विद्या शिकतो, ती म्हणजे शेवटी न सापडण्याची. आणि ही विद्या ज्या संघात पसरली, त्या संघाचा बचाव कोणत्याही प्रशिक्षकास सुधारता येणार नाही.

यावर असा आक्षेप येईल की, धंदेवाईक खेळाडू वेतन घेतो, प्रशिक्षकही घेतो. तेव्हा लोकांची टीका सोसणे त्यांस प्राप्तच आहे. टीका सोसावी, हे मान्य. पण वेतनाने परिश्रम विकत मिळतात, फळ विकत मिळत नाही. शिवाय या साऱ्या प्रकरणात एक कर्ता आपण हिशेबात धरलेलाच नाही. तो म्हणजे प्रेक्षक. खेळाडूस निर्णयाकरिता निमिष मिळते, प्रशिक्षकास एक आठवडा. प्रेक्षकास हवा तितका अवधी असतो, त्याचा देह थकलेला नसतो, आणि त्याच्या मुखातून निघणाऱ्या शब्दास प्रतिपक्षी धक्का मारीत नाही. स्वाधीनतेच्या मापाने दोष मोजावयाचा तर अविचाराने उच्चारलेल्या निंदेइतके पूर्ण स्वाधीन कर्म त्या दिवशी मैदानावर दुसरे घडलेले नसते.

म्हणून गोल झाला असता रागवावे, पण दहा सेकंद मागे जाऊन रागवावे. चेंडू कोठून सुटला, तेथे कोण नव्हता, आणि त्याने तेथे असावे असे त्यास कोणी शिकविले होते काय, हे पाहावे. प्रशिक्षकानेही पराभवानंतर रचनेचा दोष उघडपणे स्वतःकडे घ्यावा. तो औदार्य म्हणून नव्हे, तर पुढच्या सामन्यात त्याच्या खेळाडूंचा हात पुढे व्हावा म्हणून. साखळीतील ज्या कडीवर ओढ पडली ती तुटलेली दिसते. पण गंज कोठे धरला होता हे पाहण्यास साखळी सबंध हातात घ्यावी लागते.