स्वभाव ओळखायचा तो कशासाठी?

मार्गशीर्ष उजाडला की आमच्या शाहूवाडीच्या डोंगरकपारीतल्या गावांत भाताची मळणी उरकत आलेली असते, ऊसतोड मात्र जोरात असते. नेमका तेव्हाच दत्तजयंतीचा सप्ताह येतो. पारायणाला वाचक मिळतात; लाकडं फोडायला, पाणी भरायला, खिरीची पातेली घासायला माणसं मिळवावी लागतात. ही कामाची वाटणी गेली बरीच वर्षे माझ्याकडे आहे.

त्यातून एक कळलं, की सगळी माणसं एकाच शब्दानं उठत नाहीत. एकाला 'हे का करायचं' ते नीट सांगावं लागतं. दुसरा सांगायला गेलं की कंटाळतो. त्याच्या हातात कुऱ्हाड द्यावी आणि बाजूला व्हावं. तिसऱ्याला चारचौघांत शाबासकी लागते. चौथा त्याच शाबासकीनं लाजतो; त्याला चुलीपाशी एकटं बसू द्यावं. सगळ्यांना एकाच काठीनं हाकणं हा अन्यायच. इथपर्यंत कुणाचं दुमत नसावं. प्रश्न पुढचा आहे. स्वभाव ओळखून माणसाकडून काम करून घेणं, ही सेवा म्हणायची की हिकमत?

आमच्या गावात एक तरुण गडी आहे. त्याला नावाची भूक आहे, हे मी ओळखलं आणि रोज आरतीनंतर कर्ण्यावरून त्याचं नाव पुकारू लागलो. सात दिवस तो सगळ्यांच्या आधी मांडवात हजर असायचा आणि शेवटचं पातेलं घासूनच घरी जायचा. माझी युक्ती चालली म्हणून मी मनातून खूश. पुढे नव्या पोरांना पुढं आणायचं म्हणून त्याचं नाव पुकारणं मी बंद केलं. तिसऱ्या दिवशी तो यायचा थांबला. "नावासाठीच करत होता, खरी भक्ती नव्हे ती," असं मी चार लोकांत बोललोही.

पुढच्या वर्षी माणूस कमी पडला, तेव्हा त्याच्या घरी गेलो. त्यानं चहा दिला आणि शांतपणे म्हणाला, "काका, माझा बा गेला तवा तुम्ही आला न्हाईसा. सप्त्याला गडी कमी पडला की मातूर दारात येतासा."

मी खाली मान घालून परत आलो.

त्या सप्ताहात नववा अध्याय वाचताना मी थांबलो. दत्तभक्तांना ही कथा पाठ आहे. कुरवपुरी श्रीपाद श्रीवल्लभांची वस्त्रं धुणारा, अंगण झाडणारा रजक कृष्णेत राजाची नाव बघतो आणि त्याच्या मनात वैभवाची इच्छा उठते. श्रीगुरूंनी ती ओळखली. 'आणखी सेवा कर, मग राज्य देतो,' असं त्यांना म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत. त्या इच्छेचा धिक्कारही केला नाही. भोगून संपल्याशिवाय हा मोकळा होणार नाही, हे जाणून 'या जन्मी की पुढच्या' एवढंच विचारलं. आणि पन्नासाव्या अध्यायात तोच जीव बिदरचा राजा होऊन, मांडीवरच्या फोडानं बेजार होऊन श्रीनृसिंहसरस्वतींकडे येतो, तेव्हा ते त्याला जुनीच 'रजका' अशी हाक मारतात. जन्म पालटला तरी नातं सुटलं नव्हतं. माझं नातं सप्ताहाबरोबर संपत होतं.

स्वभाव दोघांनीही ओळखला. श्रीगुरूंनी ओळखला तो त्या माणसाला स्वभावाच्या पलीकडे न्यायला. मी ओळखला तो माझं काम उरकायला. भूक आहे हे मला दिसलं, ती कशानं लागली हे मी विचारलंच नाही.

आणखी एक चूक आपण करतो. एकदा स्वभाव ओळखला की शिक्का मारतो: हा आळशी, तो मानाचा भुकेला. आजकाल कंपन्यांतूनही प्रश्नावली भरून घेऊन माणसांचे प्रकार ठरवतात. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी मांडली. तिच्या आधारानं अमेरिकेतल्या मायलेकींनी सोळा प्रकारांची चाचणी तयार केली. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर पुष्कळांचा प्रकार बदललेला निघतो. माणूस एका चौकटीत मावत नाही.

अवधूतानं यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यांत मधमाशी आहे तसा अजगरही आहे. जागचा न हलणाऱ्या अजगराला आपण आळशी म्हणून मोकळे झालो असतो. अवधूतानं त्याच्याकडून मिळेल त्यात समाधान घेतलं. मधमाशीकडून साठवण्यातला धोका घेतला. दुसऱ्याच्या स्वभावाकडे बघताना 'याला कुठं वापरू' एवढंच न विचारता 'याच्याकडून मी काय शिकू' हेही विचारता येतं.

तेव्हा मांडवात माणसं उठवायची तर स्वभाव बघूनच उठवावीत. पण काम झाल्यावर आपण त्याच्या दारात जातो का, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

यंदा मळणीच्या दिवसांत मी त्या गड्याच्या खळ्यावर गेलो. सप्ताहाचं काही बोललो नाही. उपणणी होईपर्यंत थांबलो, हातभार लावला. तो मांडवात येईल न येईल. मी मात्र त्याच्याकडे फार आधी जायला हवं होतं.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥