लेकरांच्या पापाचा वाटा

मुलगा वाममार्गाला लागला की गाव प्रथम आईबापांकडे बोट दाखवते. आणि ते बिचारे पापनिवेदनाला गेले तरी स्वतःच्या पापांआधी त्याचीच सांगू लागतात. ती पापे खरोखर त्यांची आहेत काय?

वडिलांच्या अन्यायाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते, हे निर्गमातील वचन आम्हां सर्वांना पाठ असते. पण बाबिलोनच्या बंदिवासात याच विचाराने खचलेल्या लोकांना यहेज्केल संदेष्ट्याने (अध्याय १८) निक्षून सांगितले की पुत्र पित्याच्या पापाचा भार वाहणार नाही आणि पिताही पुत्राच्या पापाचा वाहणार नाही. यातील उत्तरार्धाकडे आमचे लक्ष क्वचितच जाते.

मग एलीचे काय? शिलो येथील या वृद्ध याजकाचे पुत्र हफनी व फिनहास अर्पणाचे मांस बळाने घेत, दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत. एलीने त्यांची कानउघाडणी केली होती, हे विसरता कामा नये. तरीही त्याच्यावर ठपका आला. मुले बिघडली म्हणून नव्हे, तर ठाऊक असूनही त्यांना आवरले नाही म्हणून. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्येही हाच भेद आहे. दुसऱ्याच्या पापाला आम्ही सल्ला वा शाबासकी दिली, रोखणे कर्तव्य असता रोखले नाही, पाप्याला पाठीशी घातले, तर त्यात आमचाही दोष.

‘शाबासकी’ हा शब्द आम्हांला टोचतो. लेकाने लाचेच्या पैशांतून बांधलेल्या बंगल्याला धर्मगुरूंचा आशीर्वाद मिळत असताना आईबाप कौतुकाने पुढेच उभे असतात!

दुःखी मातांना आम्ही संत मोनिकेचे उदाहरण देतो. पण ‘कन्फेशन्स’च्या दुसऱ्या भागात ऑगस्टीनने तिची एक चूकही नोंदवली आहे. व्यभिचारापासून दूर राहा, असे तिने त्याला बजावले. मात्र लग्न लावून दिले नाही, कारण पत्नीमुळे विद्याभ्यासात अडथळा येईल, ही भीती. शिकवणीसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग बुडवू देणाऱ्या आम्हां पालकांना ही भीती परकी नाही. तरीही त्या काळातील पापे ऑगस्टीन स्वतःच्याच नावावर मांडतो, आईच्या नव्हे. पुढे तो पाखंडी पंथात शिरला, तेव्हा तिने काही काळ त्याला आपल्या पंगतीला बसू दिले नाही. एलीला जे जमले नाही, ते तिला जमले.

इ. स. ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी ओस्तिया येथे ती वारली. ‘कन्फेशन्स’च्या नवव्या भागात पुत्र देवाकडे क्षमा मागतो, ती आईच्या पापांसाठी.