पाणी कुठवर आलं?

जोराचा पाऊस झाला की नाशिकमध्ये दोन प्रश्न फिरतात. गंगापूर धरणातून किती सोडलं? आणि दुतोंड्याच्या कुठवर आलं?

पहिल्याचं उत्तर क्युसेकमध्ये येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दुसऱ्याचं उत्तर अंगावरून येतं: गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याशी. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दोन तोंडांचा मारुती ही या गावाची पूरपट्टी. जुनी माणसं त्याच्याही वरची खूण म्हणून नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं नाव घेतात. २०१९च्या ऑगस्टात मारुती डोक्यासकट बुडाला, तेव्हा क्युसेक विचारत कुणी बसलं नाही.

धरणावर पाणी बाहेरून मोजतात. मारुती आत उभा राहून मोजतो.

*

प्रोग्राम लिहिणं हा माझा धंदा. घर पंचवटीत, त्यामुळे मारुती येता-जाता दिसतो. त्याच्याकडे बघून कामातली एक अडचण मला नीट कळली.

प्रोग्रामही पात्रातच उभा असतो. ज्या यंत्राची माहिती त्याला हवी, त्याच यंत्रावर तो चालतो. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, तिची आवृत्ती काय, हे बघायला त्याला काठावर येता येत नाही. विचारायचं तर खालच्यालाच विचारायचं.

लिनक्सवर तो 'युनेम' अशी हाक मारतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पाच गोष्टी सांगतो: सिस्टिमचं नाव, नेटवर्कवर या यंत्राला दिलेलं नाव, कर्नलची आवृत्ती, तो कधी तयार केला त्याची नोंद, आणि प्रोसेसरची जात.

पाच उत्तरं मिळतात. पाचांपैकी एकही प्रोग्रामने स्वतः पाहिलेलं नसतं.

*

रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. आडनाव सांगा, मूळ गाव सांगा. पानं उलटत जातात आणि पणजोबांची सही निघते. माणूस गहिवरतो. वहीला मात्र पणजोबा ठाऊक नसतात. त्यांनी इथे बसून जे सांगितलं, तेवढंच तिला ठाऊक.

कर्नलची वहीही तशीच. प्रोग्राम कर्नलला विचारतो, कर्नल फर्मवेअरला, फर्मवेअर मदरबोर्डवरच्या चिपमधल्या तक्त्याला. तक्ता कारखान्यात कुणीतरी भरलेला असतो. कधी भरलेलाच नसतो. असेंबल केलेल्या कित्येक संगणकांना 'तुझा निर्माता कोण, अनुक्रमांक काय' असं विचारावं, तर गंभीरपणे उत्तर येतं: 'उत्पादकाने भरावे.' भरणारा निघून गेला. त्याच्यासाठी लिहिलेली सूचना वंशावळीत राहिली.

*

नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रोग्रामचं यंत्राविषयीचं बहुतेक ज्ञान शब्दप्रमाणावर चालतं. सांगणारा विश्वासाचा आहे की नाही, हे विचारायलाही दुसरा सांगणाराच शोधावा लागतो.

एके काळी प्रत्यक्षाला वाव होता. ३८६ आणि ४८६ हे प्रोसेसर वेगळे ओळखायचे, तर नाव विचारण्याची सोयच नव्हती. मग प्रोग्राम फ्लॅग रजिस्टरमधला एक ठरावीक बिट उलटवून बघे. उलटलेला राहिला तर ४८६, जागचा हलला नाही तर ३८६. डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघावं, तसं.

१९९३ साली पेंटियमबरोबर 'सीपीयूआयडी' ही सूचना रुळली. विचारा, नाव मिळेल. नाव बारा रोमन अक्षरांचं, चार-चार अक्षरांच्या तीन तुकड्यांत येणारं. इंटेलचा प्रोसेसर म्हणतो 'जेन्युइन इंटेल', एएमडीचा म्हणतो 'ऑथेंटिक एएमडी'. नाव सांगायची सोय झाली, आणि नुसतं नाव सांगून भागेना. 'अस्सल' हा शब्द दोघांनाही जोडावा लागला.

*

आभासी यंत्रात ही बारा अक्षरंही हायपरव्हायझरच्या, म्हणजे ते यंत्र भासवणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात असतात. प्रश्न मध्येच अडवून तो हवं ते उत्तर देऊ शकतो. आत बसलेल्या प्रोग्रामला खरंखोटं कसं कळावं?

एक वाट उरते, अनुमानाची. प्रोग्राम उत्तराला लागलेला वेळ मोजतो. खरा प्रोसेसर लगेच बोलतो. मधल्या माणसाला प्रश्न अडवायचा, उत्तर बनवायचं, ते पुढे सरकवायचं असतं. त्यात क्षणाचा बारीकसा भाग जास्त जातो. आपण तपासणीच्या पिंजऱ्यात आहोत का, हे काही व्हायरस याच युक्तीने ओळखतात.

उत्तर बनवता येतं. त्याआधीचा विराम लपवणं अवघड.

*

लिनक्समध्ये 'सीपीयूइन्फो' नावाची फाइल आहे. यादीत तिचा आकार शून्य बाइट. उघडली तर पानभर मजकूर. डिस्कवर ती कुठेच नसते. वाचणारा आला की कर्नल त्या क्षणी लिहून देतो.

काही उत्तरं प्रश्नाआधी नसतातच. ती साठवून ठेवली आहेत, असं आपण धरून चालतो.

*

माझी एक चूक सांगतो. द्राक्षाच्या एका पॅकहाउससाठी वजनांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम केला होता. तो विंडोज एक्सपीवर चाले. एक्सपीचा आतला क्रमांक ५.१. 'एक्सपी किंवा त्यापुढचं असेल तरच चाल,' असं मला म्हणायचं होतं. लिहिलं असं: पहिला आकडा ५ किंवा जास्त, आणि दुसरा आकडा १ किंवा जास्त.

मग व्हिस्टा आली. तिचा क्रमांक ६.०. सहा पाचाहून मोठे, पण शून्य एकाहून लहान. नव्या कोऱ्या यंत्राला माझा प्रोग्राम म्हणाला, 'तुम्ही फार जुने आहात.' तेही ऐन हंगामात, बाहेर क्रेट भरलेल्या गाड्या उभ्या असताना.

अशा ओळी लिहिणारा मी एकटा नव्हतो. म्हणून विंडोज ७ आतून स्वतःला ६.१ म्हणवते. ८.१पासून पुढे, ज्या प्रोग्रामने 'मला ही आवृत्ती माहीत आहे' अशी नोंद सोबत आणलेली नसते, त्याने जुन्या पद्धतीने विचारलं तर ६.२ हाच आकडा हाती पडतो. विंडोज ११ आजही १०.० सांगते; खरा फरक बिल्ड क्रमांकात, २२०००पासून पुढे. लिनक्सने २०११ साली २.६ सोडून ३.० गाठलं, तेव्हा जुन्या प्रोग्रामांना 'अजून २.६च चालू आहे' असं सांगायची सोय खुद्द कर्नलमध्ये करावी लागली.

विचारणारा हट्टी असला की सांगणारा खोटं शिकतो. त्या खोट्याला पुढे नियम म्हणतात.

*

ब्राउझरांची कथा याहून जुनी. १९९०च्या दशकात काही साइट 'मोझिला' असं नाव सांगणाऱ्यालाच चांगलं पान देत. मोझिला हे नेटस्केपचं घरातलं नाव. इंटरनेट एक्स्प्लोररही मग दारात 'मोझिला' म्हणू लागला. आज क्रोम, सफारी, एज, सगळे 'मोझिला ५.०' असंच सांगत आत शिरतात.

भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव वेगळं सांगणारी माणसं आपल्या गावात आहेत. त्यांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही.

*

रामकुंडापासून काळाराम मंदिर चालत पाच-दहा मिनिटांवर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं प्रवेशाचा हक्क मागत त्या मंदिराशी आली. दारं बंद होती. 'तुम्ही कोण' याचं उत्तर आतल्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला.

त्या दुःखाशेजारी प्रोग्रामची गोष्ट ठेवताना संकोच वाटतो. तरी एक गोष्ट मला त्या दारासमोरून जाता-जाताच उमगली. 'तू कोण?' असं विचारणारा बहुधा उत्तरासाठी थांबत नाही. नाव कानावर पडलं की बाकीचं तो मनानेच भरतो. 'तुला हे येतं का?' असं विचारणाऱ्याला थांबावं लागतं, बघावं लागतं.

हल्ली मी आवृत्ती विचारून निर्णय घेत नाही. जी सोय हवी ती मागून बघतो. मिळाली तर काम पुढे. नाही मिळाली तर दुसरी वाट. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. बिघाड शोधताना मात्र आवृत्ती, प्रोसेसर, मेमरी, सगळं लागतं, म्हणून ते लॉगमध्ये उतरवून ठेवतो.

नाव नोंदीसाठी असावं. त्यावर दार उघडू नये, मिटूही नये.

*

१९९९ साली पेंटियम थ्री आला. प्रत्येक प्रोसेसरला ९६ बिटांचा स्वतंत्र क्रमांक, आणि तो कुठल्याही प्रोग्रामला विचारता येई. ओरड झाली, पुढच्या पिढीत इंटेलने तो काढून टाकला. अँड्रॉइड १०पासून, म्हणजे २०१९पासून, साध्या ॲपला फोनचा आयएमईआय क्रमांक मिळत नाही.

बाकीचं मात्र मिळत राहतं. पडद्याची रुंदी, बसवलेले फॉन्ट, घड्याळाचा टाइमझोन. सुटं सुटं पाहिलं तर कुणाचं काही जात नाही. एकत्र केलं की बोटाचा ठसा उमटतो. यंत्राची चौकशी म्हणता म्हणता, ते हातात धरून बसलेल्या माणसाची चौकशी होते.

प्रोग्रामला गरज नसलेली माहिती विचारू नये. विचारलेलं उत्तर कुठेतरी साठतं, आणि साठलेल्याला वारस भेटतात.

*

शेवटी मेमरी.

आता एका मोठ्या यंत्रावर अनेक प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे आखून दिलेल्या वेगळ्या खोलीत, नांदतात. समजा, यंत्राची मेमरी ६४ जीबी आणि एका कंटेनरला ठरवून दिलेली २ जीबी. आतला प्रोग्राम 'मेमइन्फो' ही फाइल वाचतो. तिथे साधारणपणे सगळे ६४ दिसतात. आकडा खोटा नाही. यंत्रात तेवढी मेमरी आहेच. प्रोग्राम त्या हिशेबाने हातपाय पसरतो आणि २ जीबीच्या रेषेपलीकडे गेला की कर्नल त्याला मारून टाकतो. जावाचे प्रोग्राम कितीतरी काळ असे मेले. २०१८ साली आलेला जावा १० आपणहून कंटेनरची मर्यादा पाहू लागला.

ही मर्यादा कंटेनरच्या आतूनही वाचता येते. एका छोट्या फाइलीत एकच आकडा असतो. ६४चा आकडा ऐकून निर्धास्त झालेल्यांनी ती फाइल उघडली नव्हती.

धरणाचा आकडा खरा होता. पाणी गळ्याशी आलं होतं.

*

काल संध्याकाळी घाटावर गेलो होतो. वर ढग होते, खाली गोदावरी संथ. भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई पुलाच्या कठड्याला टेकून फोनवर बोलत होत्या. बहुतेक परगावी असलेल्या मुलाशी. त्याने तिकडे धरणाची बातमी वाचली असावी.

"अरे, सोडलं असेल," त्या म्हणाल्या. "पण मी इथे उभी आहे ना. दुतोंड्याच्या पायालासुद्धा लागलेलं नाही अजून."

पलीकडून आणखी काही विचारलं गेलं नाही. त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि मारुतीकडे पुन्हा एकदा बघून घेतलं.