बिबट्याची वहिवाट

मुंबईच्या उत्तरेस, बोरिवली, मुलुंड आणि ठाणे यांच्या मधोमध, सुमारे 104 चौरस किलोमीटरांचे जे अरण्य शिल्लक राहिले आहे, त्याच्या कुंपणाला टेकून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या आवारात रात्री बिबट्या दिसला, की वनखात्याच्या दप्तरी अर्ज दाखल होतो : पिंजरा लावा आणि जनावर घेऊन जा. अर्जदाराची भीती खोटी नसते. परंतु बिबट्या आपल्याकडे 'आला', ही त्याची समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. ज्या वाटेने ते जनावर गेले, ती वाट बहुधा भिंतीपेक्षा जुनी असते; नवा असतो तो फाटकावरचा कॅमेरा, आणि त्याने एका जुन्या वहिवाटीला पुरावा मिळवून दिलेला असतो, इतकेच.

या अरण्यात आणि लगतच्या आरे वसाहतीत 2015 साली स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने जी गणना झाली, तीत 35 बिबटे आढळले. एवढी हिंस्र श्वापदे एवढ्या दाट लोकवस्तीच्या उशाशी जगतात याचे रहस्य अरण्यापेक्षा आपल्या उकिरड्यात अधिक आहे : उघड्या कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात, आणि हरणा-डुकरांच्या जोडीला ही कुत्री बिबट्याच्या आहाराचा मोठा वाटा उचलतात. जी मंडळी पिंजऱ्याचा अर्ज लिहितात, त्यांच्याच आवारातील कचराकुंडीला झाकण नसते, हा योगायोग मी पुष्कळदा पाहिला आहे.

पिंजऱ्याने काय साधते, याचा सर्वांत बोलका दाखला पुणे जिल्ह्यातील जुन्नरचा आहे. 2001 ते 2003 या काळात तेथील उसाच्या मुलुखात बिबट्यांची मोठी धरपकड झाली, आणि पकडलेली जनावरे दूरदूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आली. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जो हिशेब मांडला, त्यात या कारवाईनंतर त्या भागातील माणसांवरचे हल्ले वर्षाकाठी सरासरी 4 होते ते 17 वर गेल्याचे दिसले. बिबट्या हा हद्द सांभाळणारा प्राणी आहे. कोणत्या वस्तीवर दिवा कधी मालवतो, कोणत्या बांधावरून माणसे जातात, हे त्याला अंगवळणी पडलेले असते, आणि माणसाला टाळणे हाच त्याच्या दीर्घायुष्याचा आधार असतो. असा मुरलेला रहिवासी हद्दपार केला, की मोकळ्या पडलेल्या जागेवर नवखी जनावरे हक्क सांगू लागतात; आणि हद्दपार झालेला जीव अनोळखी प्रदेशात, पकडले जाण्याचा धसका पोटात घेऊन, मूळ ठिकाणाकडे परतू पाहतो. वारंवार माणसावर हल्ला करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त झालाच पाहिजे, याविषयी दुमत असू नये; पण केवळ दिसला या अपराधाबद्दल पिंजरा लावणे म्हणजे ओळखीचा शेजारी घालवून अनोळखी बोलावणे होय.

मुंबईलगतच्या त्या अरण्यातील पाड्यांवरची वारली मंडळी वाघोबाला पूजतात. शहरी लेखक या श्रद्धेचे वर्णन करताना गहिवरतो आणि एक गोष्ट विसरतो, की वाघोबाला कोंबडे वाहणारी आई तिन्हीसांजेनंतर पोराला अंगणात एकटे सोडत नाही. तिची श्रद्धा आणि तिची सावधगिरी एकाच अनुभवातून आलेल्या आहेत. धोक्याची वाटणीही विषम आहे. सातव्या मजल्यावरच्या गृहस्थाला बिबट्या चित्रफितीत दिसतो. पाड्यावरच्या बाईला, घरात शौचालय नसल्यामुळे, अंधारात झुडपाआड जावे लागते, आणि खाली बसलेली मानवी आकृती त्या प्राण्याला उभ्या माणसापेक्षा निराळी, भक्ष्याच्या मापाची भासू शकते. तिच्यासाठी दाराशी शौचालय आणि पाड्याच्या वाटेवर दिवा हीच वन्यजीव-व्यवस्था. परंतु अर्ज लिहिण्याची सवय मात्र सातव्या मजल्याला असते.

मुंबईचे हे गणित जुन्नरला जसेच्या तसे लागू पडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. तेथे अरण्याची सरहद्द अशी उरलेलीच नाही : धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात माद्या व्याल्या, आणि ऊसतोडीच्या दिवसांत फडात बछडी सापडू लागली. त्याच जागी बछडे परत ठेवून रात्री आईची वाट पाहणारे वनकर्मचारी आज तेथे आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. तथापि ज्या घरातले मूल गेले, त्या घरापुढे सहजीवनाचे प्रवचन करण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या घरची माणसे जे मागतात, त्यात पिंजरा असतो, पण त्याच्या जोडीला आणखी एक मागणी असते : शेतीपंपाला वीज दिवसा द्या. रात्रीच्या पाळीची वीज आली, की शेतकऱ्याला मध्यरात्री, हाती विजेरी घेऊन, उसात वाकून पाण्याचे बारे मोडावे लागतात. माझ्या मते त्या संपूर्ण मुलुखातील ही सर्वांत शहाणी मागणी आहे. आणि ती वनखात्याच्या अखत्यारीत येत नाही.