दोन तोंडे, पण साक्षीदार किती?

दिलसुखनगर येथे एका मराठी घरी प्रार्थनासभेनंतर चहा चालला असता एका गृहस्थांविषयी बोलणे निघाले. वर्गणीचा हिशेब त्यांनी नीट ठेवला नाही, असे मी दोघांकडून ऐकले होते; म्हणून मीही मान डोलावली. तेव्हा शब्बाथ शाळेत शिकविणारी एक मुलगी म्हणाली, "काका, त्या दोघांना कोणी सांगितलं?" चौकशी केली, तो दोघांनीही ते एकाच माणसाकडून ऐकलेले, आणि त्याने तर नुसता तर्क केलेला!

एकाच साक्षीदारावरून कोणास दोषी ठरवू नये, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. पण दोन तोंडे म्हणजे दोन साक्षीदार होतात काय?

हाच प्रश्न आज खगोलशास्त्रज्ञांपुढेही आहे. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली म्हणजे गुरुत्वीय लहरी उठतात. अशी लहर प्रथम 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांनी टिपली. त्यांच्यात सुमारे 3000 किलोमीटरांचे अंतर आहे. एकीच्या जमिनीची थरथर दुसरीला लागत नाही. म्हणून त्यांचे एकमत ही खरी साक्ष. अशीच एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हावयाची असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिला मंजुरी दिली. 1956 पर्यंत तो मुलूखही हैदराबाद राज्यातच होता.

परंतु लहरीच्या वाटेत एखादी प्रचंड दीर्घिका आली, तर तिचे गुरुत्वाकर्षण भिंगासारखे काम करते. 1979 मध्ये एकाच दूरच्या क्वेसारची अशी दोन चित्रे दिसली होती. त्याच रीतीने एकाच टकरीची लहर दोन वाटांनी, काही मिनिटांच्या किंवा महिन्यांच्या अंतराने, येऊ शकते. ऐकणारा बेसावध असेल तर दोन टकरी मोजील. शिवाय भिंगाने लहर मोठी झाली तर तिचा उगम आहे त्याहून जवळचा व वजनदार वाटतो. असे उदाहरण अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही. म्हणून शास्त्रज्ञ तपासतात: दोहोंचा आकार एक आहे काय? आकाशातील दिशा एक आहे काय? तरी नोंदलेल्या लहरी दोनशेहून अधिक आहेत, त्यांत दोन योगायोगानेही सारख्या निघतील. म्हणून ते घाईने निकाल देत नाहीत.

आपल्या कुजबुजीचेही असेच नाही काय? मध्ये एखादा वजनदार माणूस आला की गोष्टीचा आवाज वाढतो, आणि दुसऱ्याचा दोष आहे त्याहून मोठा भासतो. मात्र उलट चूकही तितकीच वाईट. "सगळे एकाचंच ऐकून बोलतात," असे म्हणून खरोखर गांजलेल्याची तक्रार झटकून टाकणे हाही अन्यायच. ज्यांनी स्वतंत्रपणे पाहिले, त्यांचे ऐकलेच पाहिजे.

शिक्षकहो, मुलांना एवढा एक प्रश्न विचारावयास शिकवा: तुला हे कोठून कळले?

मी त्या गृहस्थांकडे जाऊन क्षमा मागितली. त्यांनी काही न बोलता हिशेबाची वही पुढे ठेवली. ती मी आधी पाहावयास हवी होती.