भीतीची अमानत

भीती वाटणे हे ईमान कच्चे असल्याचे लक्षण आहे का? आपल्या घरांत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, कारण त्याचे उत्तर आधीच देऊन झालेले असते. जीव घाबरतो असे कुणी म्हटले की वडीलधारी माणसे सांगतात, ‘अल्लाहवर भरवसा ठेव, नमाज पढ, सगळं ठीक होईल.’ सांगणाऱ्याच्या मनात माया असते. पण ऐकणाऱ्याला त्यातून वेगळेच ऐकू येते. भरवसा असता तर तू घाबरली नसतीस, असे. म्हणजे आधी आजार, आणि वर आजारी असल्याचा गुन्हा! या दुसऱ्या ओझ्याविषयी मला लिहायचे आहे. आणि ते उतरवू शकणाऱ्या एका उपायाविषयी, ज्याला समूह-उपचार म्हणतात.

ही भीती परीक्षेची किंवा अंधाराची नव्हे. डॉक्टर तिला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. आमच्याकडे बायका ‘जी घबराता’ एवढेच म्हणतात. बाजारात, एस.टी.त, लग्नाच्या मंडपात, कधी घरी स्वस्थ बसलेले असतानाही अचानक छाती धडधडू लागते. घाम फुटतो, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात. आता आपण मरणार किंवा वेडे होणार अशी खात्रीच वाटते. दहा-पंधरा मिनिटांत वादळ ओसरू लागते. दवाखान्यात ईसीजी काढतात, तो सरळ येतो. ‘काही नाही, गॅस झालाय,’ असे ऐकून माणूस घरी येतो. पण ‘काही नाही’ हे उत्तर त्याला पुरत नाही. झटका पुन्हा येईल याची भीती त्याच्या मनात घर करते. मग तो एस.टी. टाळतो, गर्दी टाळतो, एकट्याने बाहेर पडणे टाळतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत शंभरात एक ते तीन माणसांना आयुष्यात कधीतरी हा आजार गाठतो असे दिसले आहे. बायकांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आहे.

आपल्या रोजच्या जगण्यात हा आजार ओळखू येत नाही, कारण तो सभ्य सबबींच्या आड लपतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा सगळ्यांनाच घाम येतो, सगळ्यांचीच छाती धडधडते. ज्याला एकदा झटका आला आहे त्याला मात्र त्या घामात मरण दिसते. रोजात दुपारी जरा गरगरले की तो हादरतो. जुम्याच्या नमाजला एखादा माणूस नेहमी शेवटच्या सफमध्ये, दाराजवळ उभा राहतो. उशिरा आला असेल असे आपण समजतो. तो सगळ्यांच्या आधी येऊन बाहेर थांबलेला असू शकतो, आणि दार जवळ असावे एवढ्यासाठीच मागे उभा असू शकतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. एखादी बाई प्रत्येक लग्नात ‘डोकं दुखतं’ म्हणून घरी राहते. नातेवाईक म्हणतात, तिला आपली कदर नाही.

१९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात या आजाराला स्वतंत्र नाव मिळाले. १९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी त्याचे एक सोपे आणि मोलाचे स्पष्टीकरण मांडले. शरीरात काही साधा बदल होतो. ठोके वाढतात, श्वास जलद होतो. माणूस त्याचा अर्थ ‘हार्ट अ‍ॅटॅक’ असा लावतो. या अर्थाने भीती वाढते, भीतीने ठोके आणखी वाढतात, आणि चक्र फिरत राहते. श्वास फार जलद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात आणि गरगरते. चोर नसताना पोलिसाने शिट्टी वाजवावी तसे हे आहे. शिट्टी खरी असते, चोर तेवढा खोटा असतो. रुग्णाला ‘तुला काही झालेलं नाही’ असे म्हणणारा शिट्टीच नाकारतो, म्हणून रुग्णाला त्याचे म्हणणे पटत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. हातातल्या काठीचा साप झालेला पाहून हजरत मूसा मागे वळून पळाले, हे कुरआनातच आले आहे. त्यांच्या पैगंबरीला त्यामुळे बाधा आली नाही. इमाम गझाली १०९५ साली बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होते. त्यांच्या कीर्तीचा तो कळस होता. त्या काळात एक दिवस त्यांची जीभच चालेना. विद्यार्थी समोर बसलेले, आणि शब्द फुटत नाही. घास गिळवेना. हकिमांनी हात टेकले आणि दुखणे दिलाचे आहे असे सांगितले. त्यांचा आजार पॅनिक डिसऑर्डर होता असे मी म्हणत नाही. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान करण्याचा मला अधिकार नाही. पण वर्गात उभी राहून शिकवणारी बाई म्हणून तो प्रसंग मला फार जवळचा वाटतो. आणि त्यांनी तो लपवला नाही, स्वतःच्या हाताने लिहून ठेवला, हे मला त्याहून मोठे वाटते.

त्यांच्याही आधी, नवव्या-दहाव्या शतकात, बल्खच्या अबू जैद अल्-बल्खी यांनी ‘मसालिहुल अब्दान वल अन्फुस’ हा ग्रंथ लिहिला. त्यात शरीराच्या आरोग्याच्या जोडीला मनाच्या आरोग्याचा स्वतंत्र भाग आहे. राग, भीती, दुःख आणि वस्वसा यांवर वेगवेगळी प्रकरणे आहेत. घरात औषधे जपून ठेवतो तसे, मन शांत असताना निरोगी विचार साठवून ठेवावेत आणि संकटात ते वापरावेत, असा त्यांचा सल्ला आहे. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मालिक बद्री यांनी २०१३ मध्ये या भागाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. भीतीला गुन्हा न मानता दुखणे मानण्याची रीत आपल्याच परंपरेत होती. ती आपण विसरलो आणि झाडफूक तेवढी लक्षात ठेवली.

विचार तपासून भीती उतरवण्याच्या आजच्या पद्धतीला कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी म्हणतात. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस आणि अ‍ॅरन बेक हे तिचे प्रवर्तक. एलिस यांना तरुणपणी सभेत बोलण्याची धास्ती होती. ती त्यांनी पुन्हा पुन्हा सभेत बोलूनच घालवली. त्यांचे विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र मराठी माणसाला नवे नाही. प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ते आपल्याकडे रुजवले. १९९० मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ते सामान्य वाचकापर्यंत नेले.

हाच उपचार समूहातही देता येतो. सहा ते दहा रुग्ण आणि एक-दोन प्रशिक्षित मानसतज्ज्ञ दहा-बारा आठवडे, आठवड्यातून एकदा दीड-दोन तास गोल करून बसतात. त्याआधी हृदय, थायरॉइड, रक्त यांची तपासणी झालेली असते. आधी शरीराचे गणित समजावून घेतात. मग प्रत्येक जण झटक्याची वही ठेवतो. कुठे आला, त्या क्षणी मनात काय आले, प्रत्यक्षात काय झाले. पुढे मुद्दाम जागीच धावायचे, गोल फिरायचे, जलद श्वास घ्यायचा आणि धडधड झाली तरी माणूस मरत नाही हे अंगावर अनुभवायचे. शेवटी टाळलेल्या जागी पायरीपायरीने जायचे. आज एक थांबा एस.टी.ने, पुढच्या आठवड्यात तीन. काहींना जोडीला औषधेही लागतात. बहुतेक अभ्यासांत समूहाचा गुण एकट्याने घेतलेल्या उपचाराच्या जवळपास आला आहे.

पण येथूनच नैतिक प्रश्न सुरू होतात. पहिला असा, की दुसऱ्याचे दुःख ऐकून आपल्याला बरे वाटणे योग्य आहे का? समूहात नव्याने आलेल्या माणसाला पहिला दिलासा मिळतो तो ‘मी एकटी नाही’ या जाणिवेचा. हा आनंद दुसऱ्याच्या पीडेवर उभा आहे असे वरवर दिसते. मला तसे वाटत नाही. दुसऱ्याला आपल्यासारखाच त्रास व्हावा असे तिथे कुणालाच वाटत नसते. आपण माणसांच्या जमातीतून बाहेर फेकलो गेलो नाही, एवढेच त्या माणसाला कळते. शिवाय तिथे घेणारा लगेच देणाराही होतो. बी.एड.ला आम्ही पाव्हलॉवचा कुत्रा पाठ केला, पण शिकवण्याचे खरे मर्म वर्गातच कळले. दुसऱ्याला समजावताना आपल्याला समजते. शेजारणीला ‘ही धडधड मरण नव्हे’ असे सांगणारी बाई ते स्वतःच्याच आवाजात प्रथम ऐकत असते.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. आपला ऐब झाकावा, दुसऱ्याचाही झाकावा, ही आपली शिकवण. मग अनोळखी लोकांत बसून मनाची भीती उघडी का करावी? नेक सल्ला म्हणून हा प्रश्न उडवून लावता येणार नाही. आपल्या मोहल्ल्यांत बातमी पायाने चालत नाही, उडते. मुलगी मानसोपचाराला जाते एवढे कळले तरी आलेला रिश्ता परत जातो. ‘येरवड्याला पाठवा’ हा शब्दप्रयोग आपण अजून शिवीसारखा वापरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो डॉक्टरला बांधतो, दवाखान्याला बांधतो. पण वर्तुळात शेजारी बसलेल्या बाईच्या जिभेला लगाम कोण घालणार?

माझ्या मते इथे कायदा संपतो आणि अमानत सुरू होते. मजलिशीत बोललेली गोष्ट मजलिशीतच राहावी, ही आपली जुनी तालीम आहे. कुणी सोने ठेवायला दिले तर आपण ते वर्षानुवर्षे जपतो, त्याची जकात किती होईल तेही मालकाला सांगतो. भीती ही सोन्याहून जोखमीची ठेव आहे. सोने चोरले तर भरून देता येते, गेलेली इज्जत कशी भरून देणार? म्हणून ऐब झाकणे याचा अर्थ रुग्णाने तोंड शिवून घ्यावे असा होत नाही. ऐकणाऱ्याने तोंड शिवावे असा होतो. आपण पडद्याची सारी जबाबदारी दुखणाऱ्यावर टाकली आणि ऐकणाऱ्याला मोकळे सोडले. समूह-उपचार ती जबाबदारी पुन्हा जागेवर आणतो. वर्तुळात सगळ्यांचीच ठेव सगळ्यांकडे असते, म्हणून तिथे अमानत सांभाळणे बाहेरच्या जगापेक्षा सोपे जाते.

तिसरा प्रश्न दुआचा आहे. हे उपचारतज्ज्ञ एक गोष्ट बारकाईने पाहतात. झटक्याच्या भीतीने माणूस काही आधार जवळ बाळगतो. पाण्याची बाटली, खिशातली गोळी, सोबतीला धाकटा मुलगा. हे आधार त्याला वाचवतात असे त्याला वाटते, आणि म्हणून भीती कधी खोटी ठरतच नाही. मग तावीज? सात वेळा पढलेली आयत? एक आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून? इथे आपण दचकतो, पण दचकण्याचे कारण नाही. दुआ माणसाला उंबऱ्याबाहेर पाठवते की उंबऱ्याआड कोंडते, एवढेच विचारायचे. अल्लाहचे नाव घेऊन एस.टी.त चढणे हे तवक्कुल. तावीज घरी राहिला म्हणून थांब्यावरून परत फिरणे ही भीतीचीच ताबेदारी, फक्त तिच्या अंगावर दीनचा पेहराव आहे. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना पहिलीपासून सांगतो. मनाच्या उंटाला हा नियम का लागू नसावा? गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर मुजावर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम चालवला. आपल्या बुलढाण्यात सैलानी बाबांच्या दर्ग्यावर जीव घाबरलेली किती माणसे येतात ते कुणीही जाऊन पाहावे. तामिळनाडूतील एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण आगीत जळून मेले, हेही विसरू नये. दुआ दवेची वैरीण नव्हती. दोघींच्या मधे बसून दुकान मांडणारे वैरी होते.

शेवटचा मुद्दा इन्साफचा. १९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांना एकत्र बसवून आरोग्याचे धडे द्यायला सुरुवात केली, कारण त्यांना सॅनिटोरियम परवडत नव्हते. एकमेकांना भेटूनच रोग्यांना उभारी येते हे मग लक्षात आले. समूह-उपचाराचा इतिहास तिथून सांगतात. प्रॅट त्याला ‘वर्ग’ म्हणत. हा शब्द मला फार आवडतो. गरिबांसाठी निघालेला हा वर्ग आज आपल्या गरिबांपर्यंतच पोचलेला नाही. सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळतात. खाजगी डॉक्टरची दर आठवड्याची फी त्यांनी कुठून द्यायची? दारू सुटावी म्हणून पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणमध्ये माणसे वर्तुळात बसून आपली कहाणी सांगत आली, आणि महाराष्ट्राने त्यांना सन्मान दिला. पुरुषाच्या व्यसनाला वर्तुळ मिळते, बाईच्या भीतीला मात्र कोपरा! हे बदलायला राजवाडा लागत नाही. शाळा सुटल्यावर रिकामा राहणारा एक वर्ग, बायकांसाठी वेगळी वेळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाशी किंवा एखाद्या प्रशिक्षित समुपदेशकाशी जोडलेला धागा, एवढ्यावर सुरुवात होते. तज्ज्ञाशिवाय मात्र हे काम कुणी अंगावर घेऊ नये. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात त्याला आधी डॉक्टरकडेच न्यावे. तातडीच्या वेळी २०२२ पासून सुरू असलेला ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे.

समूहात बसायला सगळेच तयार होणार नाहीत. निवड दिली तर बहुतेक जण एकट्यानेच उपचार मागतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण ज्यांच्यापुढे निवडच नाही, त्यांना ‘ईमान पक्कं कर’ एवढेच सांगून परत पाठवणे मला पाप वाटते. घाबरलेल्या माणसाच्या ईमानची परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. परीक्षा असलीच तर ती ऐकणाऱ्याची आहे. त्याने विश्वासाने पुढे केलेली ठेव आपण कशी सांभाळतो, याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल.